एलडीची तपासणी कुठल्या भाषेत झाली, ते आधी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकांच्या हातात मुलाचा एलडीचा, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातल्या अक्षमतेचा, रिपोर्ट पडला की नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. आधी पहिलं पान बघा. वाचनाची चाचणी कुठल्या भाषेत घेतली? मराठी माध्यमातल्या तिसरीच्या पोराला इंग्रजी उतारा देऊन 'डिस्लेक्सिया' (वाचनातली अक्षमता) लिहिलं असेल, तर त्याला इंग्रजी वाचता येत नाही एवढंच त्यातून कळतं. ते शाळेला आधीच माहीत होतं.

आपल्याकडची मुलं एकाच वेळी तीन लिप्या शिकतात. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे, मराठीत तो भेदच नाही; मराठी मूल तिथे चुकणारच. 'पुस्तक' लिहिताना मराठीत स अर्धा होतो. कन्नडमध्ये स पूर्ण राहतो आणि त ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहायचं रूप) होऊन खाली जातो. हा गोंधळ म्हणजे अक्षमता नव्हे. वेलांट्या तर मास्तरांच्याही चुकतात, त्यावरून निदान करूच नये.

शंका कधी घ्यावी? चौथीतही मात्रा-अनुस्वार गळतात. 'कमळ'मधला क काढला तर काय उरेल, हे तोंडी सांगता येत नाही. 'निरशा' असा निरर्थक शब्द दिला की मूल अंदाजाने 'निराशा' म्हणून मोकळं होतं. आणि मुख्य म्हणजे वेग. देवनागरीत बहुतेक शब्द लिहिले तसेच वाचायचे, त्यामुळे अशी बरीच मुलं पुढे बरोबर वाचायला लागतात, पण अक्षर अक्षर जुळवत. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. नुसत्या चुका मोजणाऱ्या चाचणीतून ती निसटतात. घड्याळ लावूनच वाचून घ्यावं, मराठीत आणि कन्नडमध्येही. अडचण फक्त कन्नडमध्ये दिसली, तर आधी कन्नड किती आणि कसं शिकवलं गेलं ते विचारा.

'मराठीत चाचणीच नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड, इंग्रजी चारही भाषांत आहे. त्यात शिक्षकांनी वर्गातच भरायची प्राथमिक चाळणीही आहे.

क्रम चुकला की सगळंच फिसकटतं. आधी डोळे आणि कान. मग शाळेची हजेरी. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या पोराचं वाचन मागे पडणारच. किमान सहा महिने जादा मदत देऊनही फरक पडला नाही, तर बुद्ध्यांक आणि त्यानंतर वाचन, लेखन, गणित. हे सगळं एका बैठकीत उरकणाऱ्याकडे जाऊ नका, आणि शाळा सुटल्यावर दमलेल्या मुलाला नेऊ नका.

बुद्ध्यांकाच्या टप्प्यावर सर्वांत जास्त नुकसान होतं. २०१८ साली केंद्र सरकारने काढलेल्या सूचनांत बुद्ध्यांक ८५च्या वर असेल तरच एलडीची चाचणी, असा क्रम घातला. तोंडी प्रश्न परक्या भाषेत विचारले की आकडा घसरतो, फाईल तिथेच मिटते आणि हुशार पोर 'मंद' ठरून घरी येतं. म्हणून बुद्ध्यांक चाचणीतले भाषिक आणि कृतीचे गुण वेगवेगळे मागा.

दिव्यांगत्वाचा दाखला वयाच्या आठ वर्षांनंतर. कोल्हापूर-मुंबईला तपासून घ्यायला हरकत नाही, पण यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज राहत्या जिल्ह्यातून करावा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे तो दाखला देशभर चालतो. जाताना वर्गातल्या कच्च्या वह्या न्या, मराठीची एक आणि कन्नडची एक. घरी बसवून सुवाच्य लिहून घेतलेल्या नकोत. रिपोर्टवर चाचणीचं नाव, भाषा आणि प्रत्यक्ष गुण नसतील, तर तिथेच थांबून लिहून घ्या.