शहाण्या मुलांची उसनी ओळख

दहावीच्या निकालानंतर नात्यातल्या एका मुलीला मी "आता पुढे काय?" असे विचारले, तेव्हा तिने क्षणाचाही विलंब न लावता "सायन्स, मग नीट, मग एमबीबीएस" असे उत्तर दिले. सगळ्यांनी तिचे कौतुक केले, मीही केले. घरी परतताना मात्र मला जेम्स मार्सिया आठवले.

या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली ८६ महाविद्यालयीन तरुणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. व्यवसाय आणि विचारसरणी यांबाबत तुम्ही पर्याय धुंडाळलेत का, आणि कशाला तरी बांधून घेतलेत का, हे दोन प्रश्न त्याच्या मुळाशी होते. काहीही न धुंडाळता ज्यांनी बांधून घेतले होते, म्हणजे आईवडिलांनी ठरवलेलेच आपले मानले होते, त्यांनी प्रयोगातल्या अवघड कामात स्वतःपुढे अवास्तव उंच लक्ष्ये ठेवली, आणि अधिकारापुढे मान तुकवणारी मूल्येही त्यांच्यात अधिक आढळली. आपल्या घरांत याच अवस्थेला 'समंजस मूल' म्हणण्याची पद्धत आहे.

मार्सिया यांनी ज्यांचा धागा पुढे नेला, त्या मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी या वयातल्या, स्वतःची ओळख शोधण्याच्या काळाला 'मोरॅटोरियम' म्हटले होते. आपल्यापैकी अनेकांना हा शब्द २०२० मध्ये कर्जाच्या हप्त्यांमुळे कळला, आणि अर्थही तोच आहे: देणे फेडायचेच असते, फक्त मुदत मिळते. एरिक्सन यांनी ती मुदत स्वतः घेतली होती. जन्मदाता कोण हे त्यांना कधीच कळले नाही. ज्यू प्रार्थनामंदिरात ते सोनेरी केसांमुळे परके ठरत आणि शाळेत ज्यू म्हणून. डॉक्टर असलेल्या सावत्र वडिलांची इच्छा बाजूला ठेवून ते चित्रे काढत युरोपात भटकले आणि १९२७ साली, पंचविशीत, व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवू लागले.

घरचा मार्ग धरणारे प्रत्येक मूल कोंडलेले असते, असे माझे म्हणणे नाही. मार्सिया यांच्या अभ्यासात एकही मुलगी नव्हती, आणि आपल्याकडच्या 'मी'मध्ये घर बरेच मिसळलेले असते. शिवाय बापाबरोबर शेतात राबलेला मुलगा शेती करायचे ठरवतो, तेव्हा निदान ते काम त्याने हाताने केलेले असते. पंधराव्या वर्षी डॉक्टर ठरून गेलेल्या मुलीने रुग्णालय बहुधा आजारी पडल्यावरच पाहिलेले असते.

तिने एखादे वर्ष थांबून इतर काही करून पाहावे, असे मी सुचवले असते, तर "वर्ष वाया जाईल" हे उत्तर ठरलेले होते. नीटला दुसऱ्यांदा बसण्यासाठी घेतलेल्या वर्षाला मात्र कोणी वाया गेले म्हणत नाही. त्याला आपल्याकडे 'ड्रॉप घेतला' असा स्वतंत्र, मानाचा शब्द आहे.