रोज देणार का?

कुणाला ताप आला की घरात थर्मामीटर फिरतो. आमच्याकडे दीड महिना आर्द्रतामापक फिरत होता. "किती?" "७८." "सकाळी तर ८५ होती! खिडकी कुणी उघडली?" हे सगळं दबक्या आवाजात, चपला बाहेर काढून. मागच्या खोलीत आजारी कुणीही नव्हतं. तिथे काडाने गच्च भरलेल्या १० प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगलेल्या होत्या आणि त्यांतून आमचा उद्योग उगवायचा होता.

उद्योग धिंगरी अळंबीचा, म्हणजे ऑयस्टर मशरूमचा. निवडला, कारण तिला शेत लागत नाही, कडक ऊन लागत नाही, ती गव्हाच्या काडावर येते आणि महिन्याभरात पीक हातात पडतं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मला कुणी फसवलं नाही; जो तो आपल्या वाट्याचं खरं बोलला आणि पुढचं बोलायच्या आत त्याला दुसरं काम आठवलं.

सासरे जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून निवृत्त झालेले. बातमी ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे कुत्र्याच्या छत्र्या?"

"नाही हो बाबा, ही खायची असते."

"कुत्रं तोंड लावत नाही ते माणसं विकत घेणार?"

पण संध्याकाळी एक कोरी वही घेऊन आले. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, मध्ये पट्टीने आखलेली रेघ. कुठून तरी त्यांनी वाचूनही ठेवलं होतं की या अळंबीची लागवड पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत सुरू झाली, खायचे वांधे होते म्हणून. "युद्ध झाल्याशिवाय खपणार नाही, एवढं धरून चाल," म्हणाले.

वहीतला पहिला खर्च लेबलांचा. अळंबीचं एक बोंडही दिसलं नव्हतं तेव्हा माझ्याकडे ५०० रंगीत लेबलं होती. त्यावर नाव, वेलबुट्टी, हसरी छत्री, सगळं होतं. वजन आणि तारीख लिहायला जागा नव्हती. खायच्या वस्तूवर गिऱ्हाईक आणि कायदा दोघेही आधी तेच बघतात, हे बाबांनी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं.

दुसरा खर्च बियाण्याचा. अळंबीचं बियाणं म्हणजे निर्जंतुक केलेल्या धान्यावर वाढवलेली तिची बुरशी. मी पिशवी उघडून दाखवली. बाबा बराच वेळ बघत राहिले. "आपल्या डब्यातले गहू असे झाले की आपण टाकून देतो," ते म्हणाले, "आणि हे तू विकत आणलेस."

मग काड. रात्रभर भिजवायचं आणि ७० ते ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवायचं, म्हणजे त्यातल्या इतर बुरश्या आणि किडे बहुतेक मरतात आणि आपल्या बुरशीला मोकळं रान मिळतं. आंघोळीच्या पाण्याचं पिंप काडासाठी गेलं. घराला गोठ्याचा वास आला, तोही ओल्या गोठ्याचा. पुढची पायरी सगळ्यात अवघड. काड निथळवून इतकंच ओलं ठेवायचं की मुठीत दाबलं तर पाणी टपकू नये, पण तळवा ओलसर व्हावा. वाचायला सोपं आहे. मी दाबलं, पास. नवऱ्याने दाबलं, नापास. त्याच्या तळव्याला मुळातच घाम सुटतो, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला त्या दिवशी कळलं. तोवर काड उन्हात दोनदा पसरून झालं होतं. दुपारी चारला बाबा आले, एकदाच मूठ वळली आणि म्हणाले, "भरा." बँकेतल्या ओल्या शाईवर काढलेल्या आयुष्याचा अनुभव असावा.

काडाचा थर, बियाण्याचा थर, पुन्हा काड, अशा १० पिशव्या एका दिवसात भरल्या. "एका दिवसात" हे शब्द लक्षात ठेवा. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता.

पुढचे अडीच आठवडे काही करायचं नसतं. अंधारात पिशव्या आतून हळूहळू पांढऱ्या होत जातात. काही करायचं नसणं मला जमत नाही, म्हणून मी दिवसातून सहा वेळा टॉर्च घेऊन जाऊन अंधार आहे ना, ते बघत होते. बाराव्या दिवशी दोन पिशव्यांवर हिरवा डाग दिसला. मला तो आवडला, हिरवळ वाटली. ती ट्रायकोडर्मा नावाची बुरशी निघाली. गंमत बघा, हीच ट्रायकोडर्मा शेतकरी पैसे देऊन आणतात आणि पिकाच्या मुळाशी घालतात, कारण ती रोगाच्या बुरश्यांना खाते. आमच्या खोलीत नेमकी बुरशीच पीक होती. दोन्ही पिशव्या बाहेर काढाव्या लागल्या. वहीत नोंद: "नग २, हिरवे."

उरलेल्या आठ पांढऱ्याशुभ्र झाल्यावर प्लॅस्टिक कापलं आणि ते आर्द्रतामापकाचं प्रकरण सुरू झालं. अळंबीला दमट हवा लागते, ८५-९० टक्के. म्हणून खिडक्या बंद. पण ती झाड नव्हे. आपल्यासारखाच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. कोंडली की देठ लांबच लांब आणि वर टिकलीएवढी टोपी. म्हणून खिडक्या उघड्या. उघडल्या की हवा कोरडी, म्हणून पाणी फवारा. जास्त फवारलं की बोंडं पिवळी पडून सडतात, म्हणून फवारू नका. शेवटी रात्री दोनला मी अर्धी खिडकी धरून, हातात फवारणीची बाटली घेऊन उभी असायची. तान्ह्या बाळानेही मला इतकं जागवलं नव्हतं, आणि बाळ निदान रडून काय हवं ते तरी सांगायचं.

पण बोंडं आली हो! टाचणीच्या डोक्याएवढी, करड्या रंगाची, झुबक्याने. दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. चक्रवाढ व्याजाचं गणित डोळ्यांसमोर उगवताना बाबांनी पहिल्यांदाच पाहिलं. खोलीत खुर्ची टाकून बसायला लागले. चौथ्या दिवशी सटासट शिंकायलाही लागले. टोपीची कड सपाट व्हायच्या आत अळंबी काढायची असते, नाहीतर ती बीजाणू सोडते. रॅकखाली अडकवलेल्या बाबांच्या काळ्या छत्रीवर पांढऱ्या भुकटीचा थर बसला होता. "एका छत्रीने दुसरीवर राग काढला," ते नाकाला रुमाल लावून म्हणाले.

थोडक्यात, काढणी तातडीची होती. आणि एका दिवसात भरलेल्या पिशव्या एकाच दिवशी तयार झाल्या. मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात सहा किलो अळंबी होती. सहा किलो बटाटे एका पिशवीत मावतात. सहा किलो अळंबी ओट्यावर, टेबलावर, दोन परातींत, सुपात आणि धुतलेल्या चादरीवर मावते. दर तीन दिवसांनी दोन-दोन पिशव्या भरल्या असत्या तर माल रोज थोडा थोडा आला असता, हे नवऱ्याने तेव्हा सांगितलं. नवऱ्यांना अशा गोष्टी तेव्हाच सुचतात.

भाजीवाल्याने पाकीट उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "रोज देणार का?"

"रोज नाही. आज आहे, मग आठ-दहा दिवसांनी पुन्हा येईल."

"मग आठ-दहा दिवसांनी रोज देणार का?"

हॉटेलात आचारी खूश झाला. त्याला शुक्रवारी हवी होती. शुक्रवारपर्यंत धिंगरीची कड तपकिरी पडते. शिवाय मी पाकिटं हवाबंद केली होती. आत घाम सुटून तीन तासांत ती वाफ धरलेल्या खिडकीसारखी दिसायला लागली. भोकं पाडली तर पाणी उडून वजन घटायला लागलं. रात्री २०० ग्रॅम भरलेलं पाकीट सकाळी १९० भरलं. रोज सकाळी तेच वजन दाखवणारा माझा घरातला वजनकाटा कधी असा विरघळला नाही.

राहिले ओळखीचे. अनोळखी माणसाला भाव सांगता येतो. ज्यांच्याकडे आपण वाटीभर साखर मागायला जातो त्यांना सांगताना घसा कोरडा पडतो. मी आरशासमोर सराव केला होता. शेजारच्या काकूंनी "अगंबाई, किती झाले?" विचारलं आणि माझ्या तोंडून "असू दे हो काकू, चव तर बघा" निघालं. त्या मजल्यावर सगळ्यांनी चव बघितली. वरच्या मजल्यावरचे चव बघायला खाली आले.

उरलेली चार किलो वाळत घातली. अळंबीत जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, म्हणजे चार किलोंची चारशे-साडेचारशे ग्रॅम झाली. एका बरणीत उद्योग बसला.

रविवारी बाबांनी वही उघडली. लेबलं, बियाणं, काड, गॅस, आर्द्रतामापक, छत्री. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुझी मजुरी किती लावू?"

"माझी कशाला? मी घरचीच."

"सगळे धंदे असेच फायद्यात असतात," म्हणाले आणि रकाना कोराच ठेवला. जमेची बाजूही कोरीच होती, त्यामुळे पान दिसायला नीटनेटकं होतं.

दुसरा बहर आला, पहिल्याच्या निम्मा. तिसरा एका भाजीपुरता. पिशव्या सुकून हलक्या झाल्या तेव्हा मी फाडून तपकिरी, भुसभुशीत काड अंगणात ओतलं. टाकायच्या बेतात होते, तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी ते चिमटीत धरून चोळलं, वास घेतला, डोळे चमकले.

"हे टाकतेस? कुंड्यांना सोनं आहे हे! थोडं कुजवलं की काय खत होईल!" आणि कमरेच्या बटव्यातून त्यांनी नोट काढून माझ्या हातात कोंबली. मी "असू दे हो" म्हणायला तोंड उघडलं, पण मागे बाबा वही घेऊन उभे होते. त्यांनी टोपण काढलं, जमेच्या बाजूला पहिली ओळ लिहिली, "वापरलेले काड, पोते १," आणि खाली रेघ मारली.

काकू पोतं ओढत फाटकापर्यंत गेल्या. तिथून वळून म्हणाल्या, "छान आहे गं. रोज देणार का?"