सीडीतला आवाज असा कॉपी होत नाही हो!

पुन्हा तेच! काल एक गृहस्थ पेन ड्राइव्ह घेऊन आले. वडिलांच्या कीर्तनाची सीडी कॉपी करून आणलीय, मधली खरखर काढून द्या म्हणाले. उघडून बघतो तर बारा फायली, प्रत्येकी फक्त 44 बाइटची, नावाच्या शेवटी 'सीडीए'. आवाजाचा टिपूस नाही.

अहो, ऑडिओ सीडीवर आपल्या ओळखीच्या फायली नसतातच. विंडोज दाखवतं ती सीडीए फाइल म्हणजे नुसता पत्ता: ट्रॅक चकतीवर कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढंच. पत्ता उतरवून घेतला म्हणजे घर हाती येतं का? आवाज हवा तर सीडी रिप करावी लागते, म्हणजे सॉफ्टवेअरने तिच्यावरचा आवाज वाचून फायलीत उतरवावा लागतो. तीही वेव्हमध्ये, म्हणजे आवाज जराही न गाळणाऱ्या फायलीत! सीडीच्याच दर्जात (44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट), मिनिटाला साधारण 10 एमबी. एवढी जागा आज कुणाकडे नाही? तरी फाइल लहान करायला आवाजाचा काही भाग गाळणारं एमपी3च करून आणतात. त्यात गाळलेला आवाज परत येत नाही, कितीही बटणं फिरवा.

वर्षानुवर्षं हेच सांगतोय. घसा दुखला.

म्हटलं, मूळ सीडी आणा, मीच काढतो. तर म्हणाले, ती दिवाळीच्या साफसफाईत भंगारात दिली, कॉपी केली होती ना! त्या बारा फायलींत त्यांच्या वडिलांचा एक शब्दही नव्हता, आणि हे त्यांना मलाच सांगावं लागलं.