स्लिंगच्या ऑपरेशनवर बंदी आहे आणि दोन वर्षांत परत गळतं, असं फॉरवर्ड करणाऱ्यांना

बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. खोकलं-शिंकलं की लघवी सुटते म्हणून डॉक्टर स्लिंग, म्हणजे लघवीच्या नळीखाली जाळीची पट्टी बसवायचं ऑपरेशन, सांगतील, अजिबात करू नका, परदेशात त्यावर बंदी आहे, दोन वर्षांत परत गळायला लागतं, आतली जाळी प्रत्येकीला टोचते, आणि महिनाभर केगेल, म्हणजे लघवी रोखणारे स्नायू आवळायचे व्यायाम, केले की ऑपरेशन लागतच नाही. हे वाचून ज्या बायका वर्षानुवर्षं पॅड लावून लग्नकार्याला जातात, लांबचा एसटीचा प्रवास टाळतात, त्या डॉक्टरकडे जायचंच सोडून देतात आणि मला याचा खरंच राग येतो.

आधी बंदी. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने एप्रिल 2019 मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येतं त्यासाठी योनीतून बसवायच्या मोठ्या जाळ्यांची. स्लिंग म्हणजे लघवीच्या नळीखाली ठेवलेली सेंटिमीटरभर रुंद पट्टी, मटेरियल तेच पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक पण ऑपरेशन वेगळं, आकार वेगळा, त्या आदेशात ती नव्हतीच. इंग्लंडचं मात्र वेगळं आहे, तिथे जुलै 2018 मध्ये स्लिंगवरसुद्धा थांबा आला, कारण शेकडो बायकांनी पुढे येऊन त्रास सांगितला होता. म्हणजे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, पण दोन देशांच्या दोन निर्णयांची खिचडी करून 'परदेशात बंदी' म्हणणं चूक आहे.

आता दोन वर्षांत गळतं हा मुद्दा, यावर जरा जास्त लिहिते कारण बायकांना खरी भीती हीच असते की एवढं करून परत तेच. टीव्हीटी नावाची पट्टी स्वीडनचे डॉक्टर उल्मस्टेन यांनी 1990 च्या दशकात आणली आणि सुरुवातीच्या 90 बायकांना नॉर्डिक देशांतल्या डॉक्टरांनी 17 वर्षं फॉलो केलं. त्यातल्या ज्या हयात होत्या आणि सापडल्या त्यांच्यापैकी 90 टक्क्यांहून जास्त तपासणीत कोरड्या होत्या आणि 87 टक्के बायका स्वतः म्हणाल्या की पूर्ण बरं आहे किंवा खूप फरक आहे. हा अभ्यास छोटा आहे, सर्जन हात बसलेले होते, हे धरूनच वाचायचं. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमध्ये निकष कडक होता, थोडी जरी गळती सांगितली किंवा परत उपचार घेतला तर फेल, तेव्हा 5 वर्षांनी यश 51 आणि 43 टक्के आलं, पहिला आकडा जघनहाडामागून (ओटीपोटाच्या खालचं पुढचं हाड) घातलेल्या पट्टीचा आणि दुसरा मांडीच्या बाजूने घातलेल्या पट्टीचा. हा आकडा ऐकून घाबरायला होतं, पण त्याच बायकांना समाधानी आहात का विचारलं तर अनुक्रमे 79 आणि 85 टक्के हो म्हणाल्या, कारण रोज पॅड भिजणं आणि कधीतरी जोराच्या शिंकेला थेंब येणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, तो जिला भोगायला लागलाय तिलाच कळतो. शिवाय वयानुसार घाई लागून बाथरूमपर्यंत पोचायच्या आत सुटणं हा वेगळा आजार सुरू होऊ शकतो आणि स्लिंग त्यासाठी नसतेच, पण 'ऑपरेशन फेल गेलं' असं त्यालाही म्हटलं जातं.

प्रत्येकीला टोचते का, तर नाही. इंग्लंडमधल्या 95,057 बायकांच्या नोंदी आहेत, 9 वर्षांत पट्टी थोडी किंवा पूर्ण काढावी लागली 3.3 टक्के बायकांना, आणि गळतीसाठी परत ऑपरेशन झालं 4.5 टक्क्यांना. पण इथे मी स्लिंगची वकिली करणार नाही. 3.3 टक्के म्हणजे साधारण तिसात एक, आणि दुखणं, संबंधांच्या वेळी त्रास, पट्टी योनीत उघडी पडणं हे सहन करूनही काढायच्या ऑपरेशनपर्यंत न गेलेल्या बायका यात मोजल्याच गेल्या नाहीत. इंग्लंडच्या चौकशी समितीचा 2020 चा अहवाल सांगतो की या बायकांचं दुखणं डॉक्टरांनी वर्षानुवर्षं मनावर घेतलं नाही. ते अक्षम्य आहे.

केगेलचं अर्धं खरं आहे. व्यायाम आधी करायचेच, पण निदान तीन महिने आणि फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून, कारण खूप जणी चुकीचाच स्नायू आवळत असतात. नेदरलँड्समध्ये 460 बायकांवर, आधी फिजिओथेरपी की थेट स्लिंग, अशी ट्रायल झाली, 2013 मध्ये छापून आली, फिजिओथेरपीवाल्यांपैकी 49 टक्के बायकांनी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे निम्म्यांचं व्यायामावर भागलं हेही त्यातच आलं.

ज्यांना कृत्रिम पट्टी नकोच त्यांना पोटाच्या भिंतीतली स्वतःचीच पट्टी काढून बसवता येते, पण त्यातही लघवी अडकणं, इन्फेक्शन हे होतंच, बिनधोक काही नाही.

ठरवायच्या आधी सर्जनना विचारा, पट्टी जघनहाडामागून घालणार की मांडीच्या बाजूने, कारण मांडीकडून घातलेली पूर्ण काढणं फार अवघड जातं आणि इंग्लंडच्या नाइस संस्थेची गाइडलाइन खास कारण असल्याशिवाय तो मार्ग नको म्हणते. वर्षाला अशी किती ऑपरेशन्स करता आणि दुखलं तर काढणार कोण, हेही विचारा, आणि पट्टीचा ब्रँड नि नंबर डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या.