कपाटातलं हॅरी पॉटर आणि साडेतीन कोटी

हा मेसेज आधी शाळेच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, आणि परवा मामेभावाने ‘तुझा विषय आहे, बघ रे’ म्हणून धाडला. मजकूर थोडक्यात असा: ‘घरातल्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या रद्दीत देऊ नका. हॅरी पॉटरची पहिली आवृत्ती साडेतीन कोटींना गेली. तुमच्याकडचं पुस्तक पहिल्या आवृत्तीचं आहे का, ते एका मिनिटात ओळखा.’ खाली सहा खुणा. शेवटी, अर्थातच, ‘पुढे पाठवा, कुणाचं तरी नशीब उघडेल.’

रद्दीत देऊ नका, हे सोळा आणे खरं. विक्रीची बातमीही खरी. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाची एक प्रत ४,७१,००० डॉलरला गेली, तेव्हाच्या दराने साडेतीन कोटींच्या आसपास. घोळ आहे तो त्यापुढच्या सहा खुणांमध्ये. फुटपाथवरची पुस्तकं चाळण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत आणि यातल्या निम्म्या खुणांनी मी स्वतः फसलो आहे. म्हणून एकेक घेतो.

‘कॉपीराइटच्या पानावर फर्स्ट एडिशन किंवा फर्स्ट पब्लिश्ड असं छापलेलं असेल, तर पुस्तक पहिल्या आवृत्तीचं.’

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. ‘फर्स्ट पब्लिश्ड १९४५’ याचा अर्थ ही कादंबरी १९४५ मध्ये प्रथम आली, एवढाच. हातातली प्रत तेव्हाची आहे, असं ते वाक्य म्हणतच नाही. पेंग्विनचं ‘अ‍ॅनिमल फार्म’ काढून बघा. १९४५ लिहिलेलं सापडेल, आणि त्याखाली ‘पेंग्विनमध्ये प्रकाशित १९५१’ हेही सापडेल. आपण वरची ओळ वाचतो आणि खालची सोडतो.

याच पुस्तकाची खरी पहिली आवृत्ती लंडनच्या सेकर अँड वॉरबर्गची, ४,५०० प्रतींची. तिच्या पानावर ‘मे १९४५’ छापलेलं आहे, आणि पुस्तक दुकानात आलं १७ ऑगस्ट १९४५ ला. युद्धामुळे कागदाची टंचाई होती, प्रकाशन लांबलं, छापलेला महिना तसाच राहिला. म्हणजे अस्सल प्रतीवर चुकीचा महिना, आणि तो बरोबर असायला हवा असा हट्ट धरणारा माणूस अस्सल प्रतच नाकारणार.

मुळात प्रत्येक प्रकाशकाची रीत निराळी. लंडनचे जोनाथन केप पहिल्या छपाईवर नुसतं ‘फर्स्ट पब्लिश्ड’ आणि साल छापत, पुढच्या छपाईत त्याखाली ‘सेकंड इम्प्रेशन’ची, म्हणजे दुसऱ्या छपाईची, ओळ यायची. तिथे खालची ओळ नसणं हीच खूण. अमेरिकेतल्या हॉटन मिफ्लिनकडे पहिल्या छपाईच्या शीर्षकपानावर साल असायचं आणि पुनर्मुद्रणात ते गायब व्हायचं. लंडनचेच फेबरवाले साल रोमन आकड्यांत टाकत. आणि न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नरने १९३० पासून पुढची चाळीसेक वर्षं कॉपीराइटच्या पानावर एक एकटं इंग्रजी ‘ए’ अक्षर छापलं. ते ‘ए’ म्हणजे पहिली छपाई.

हे ‘ए’ मला कसं कळलं, तेही सांगतो. फोर्टातल्या एका फुटपाथवर हेमिंग्वेचं ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ दिसलं. स्क्रिब्नर, १९५२, कापडी बांधणी, वर निळं कागदी जॅकेट. विकणाऱ्यानेही ओळखलं की गिऱ्हाईक अडकलं. अठराशे रुपये मोजले आणि चर्चगेटपर्यंत ते पुस्तक छातीशी धरून चालत गेलो. वर्षभराने एका जाणकार गृहस्थांना दाखवलं. त्यांनी कॉपीराइटचं पान उघडलंसुद्धा नाही. पुस्तक उलटं केलं आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यावर, कण्याजवळ, अंगठा फिरवला. तिथे मसुराएवढा खळगा होता. मी तो कशाचा तरी वण समजत होतो. ‘बुक क्लब,’ ते म्हणाले. अमेरिकेत बुक ऑफ द मंथ क्लब सभासदांना स्वस्तातल्या प्रती पाठवायचा आणि पुठ्ठ्यावर असा बिनशाईचा ठसा दाबायचा. मग पान उघडलं. ‘ए’ नव्हतं. जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमतही नव्हती.

क्लबच्या काही प्रती प्रकाशकाच्याच छपाईच्या प्लेटवरून निघत, त्यामुळे त्यांच्यावर ‘फर्स्ट एडिशन’ ही अक्षरंही तशीच उमटत. मग मेसेजमधल्या पहिल्या खुणेचं काय होतं, ते बघा.

‘१० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १ अशी ओळ असेल आणि त्यात १ असेल, तर पहिली आवृत्ती.’

यात तथ्य आहे, पण अर्धंच. ही ओळ छापखान्याच्या सोयीची. प्लेटवर नवं अक्षर घालण्यापेक्षा असलेलं खरवडणं सोपं, म्हणून दहाही आकडे आधीच टाकून ठेवायचे आणि दर छपाईला सगळ्यात लहान आकडा उडवायचा. १ दिसला तर पहिली छपाई, ३ सर्वांत लहान असेल तर तिसरी. ब्रिटिश पुस्तकांत हीच ओळ ‘१ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २’ अशी दोन्ही बाजूंनी मिटत येते, वाचायची पद्धत तीच.

पण पहिली छपाई कशाची? त्या विशिष्ट आवृत्तीची. नवं मुखपृष्ठ आलं, पेपरबॅक आली, शालेय आवृत्ती आली की मोजणी पुन्हा एकपासून. २०१४ च्या रंगीत मुखपृष्ठाच्या हॅरी पॉटरमध्येही १ सापडू शकतो.

उलटंही होतं. रँडम हाऊसने १९७० च्या आसपासपासून पुढे बरीच वर्षं पहिल्या छपाईवर ‘फर्स्ट एडिशन’ असे शब्द आणि खाली २ पासून सुरू होणारी ओळ छापली. दुसऱ्या छपाईला ते शब्द काढले की उरला २. हिशेब चोख, पण ‘१ नाही, टाकून द्या’ म्हणणाऱ्याने तिथे खरी पहिली छपाई टाकून दिली असती.

आणि आपल्याकडची खास गोष्ट: सिग्नलवर मिळणाऱ्या चोरट्या प्रती. ते लोक अख्खं पुस्तक स्कॅन करतात, कॉपीराइटच्या पानासकट. मूळ प्रतीत १ असेल तर चोरट्या प्रतीतही १. या खुणेनुसार मुंबईच्या सिग्नलवर रोज पहिल्या आवृत्त्या विकल्या जातात, ट्रॅफिक जास्त असेल तर दीडशे रुपयांना दोन.

‘छपाईची चूक सापडली तर समजा लॉटरी लागली.’

चूक कुठली आणि कुठल्या पानावर, हे महत्त्वाचं. ‘द ग्रेट गॅट्सबी’ची पहिली छपाई एप्रिल १९२५ ची, २०,८७० प्रती. तिच्यात पान २०५ वर ‘सिक अँड टायर्ड’ऐवजी ‘सिक इन टायर्ड’ पडलंय. ऑगस्टमध्ये ३,००० प्रतींची दुसरी छपाई निघाली तेव्हा ते दुरुस्त झालं. म्हणून ती चूक उपयोगाची: दोन छपायांच्या मधली भिंत आहे ती. ‘द सन ऑल्सो राइझेस’मध्ये पान १८१ वर ‘स्टॉप्ड’ या शब्दात इंग्रजी ‘पी’ तीनदा आलाय, तीही अशीच. जी चूक पन्नास छपायांत तशीच राहिली, तिला खूण म्हणून काडीची किंमत नाही.

हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकात पान ५३ वर शाळेच्या सामानाच्या यादीत ‘एक छडी’ दोनदा आली आहे, आणि मागच्या मुखपृष्ठावर ‘फिलॉसॉफर्स’मधला एक ‘ओ’ गळलाय. लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने १९९७ च्या जूनमध्ये काढलेल्या पहिल्या छपाईत पुठ्ठाबांधणीच्या प्रती होत्या फक्त ५००, त्यातल्या तीनशेच्या आसपास ग्रंथालयांत गेल्या. त्याच वेळी पेपरबॅकच्या ५,१५० निघाल्या, आणि छडी तिथेही दोनदा आहे. साडेतीन कोटी मिळाले ते पाचशेतल्या एका उत्तम राखलेल्या प्रतीला. त्यामुळे छडी मोजून भागत नाही. बांधणी, १० पासून १ पर्यंत पूर्ण ओळ, कॉपीराइटच्या ओळीत ‘जे. के.’ नव्हे तर ‘जोअ‍ॅन रोलिंग’, हे सगळं एकाच प्रतीत जुळायला हवं. तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी तर छपाई चालू असतानाच ‘जोअ‍ॅन’चं ‘जे. के.’ केलं गेलं. एकाच पहिल्या छपाईचे दोन प्रकार झाले, आणि संग्राहक आधीच्या प्रकारासाठी जास्त पैसे मोजतात.

‘आयएसबीएन नंबर नेटवर टाका, किंमत कळेल.’

नाही कळणार. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, पुनर्मुद्रणाला बदलत नाही. पुठ्ठाबांधणीच्या त्या पाचशे प्रतींवर जो नंबर आहे, तोच त्याच बांधणीच्या पुढच्या छपायांवरही आहे. नंबर टाकल्यावर समोर येते ती कुणीतरी मागितलेली किंमत, बहुधा वेगळ्याच छपाईची. मागायला काय जातं? विकली कितीला गेली, ते लिलावांच्या जुन्या निकालांत बघायचं. नंबरचा एकच उपयोग: १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वी तो नव्हताच, त्यामुळे आयएसबीएन छापलेली ‘गॅट्सबी’ १९२५ ची नाही, एवढं नक्की.

‘हार्डकव्हरच बघा. वरचं कागदी जॅकेट फाटलं असेल तर काढून टाका, पुस्तक स्वच्छ दिसतं.’

हे वाचून मला खरंच घाम फुटला. बाकीच्या खुणांनी माणूस फक्त फसतो. या सल्ल्याने चांगली प्रत कायमची बाद होते.

आधुनिक कादंबऱ्यांच्या बाजारात किमतीचा मोठा वाटा जॅकेटचा असतो, कारण वाचकांनी ती फेकून दिली. जॅकेट नसलेल्या ‘गॅट्सबी’ला काही हजार डॉलर येतात, चांगलं मूळ जॅकेट असेल तर आकडा लाखांत जातो. त्या जॅकेटच्या मागच्या बाजूवर नायकाच्या नावातला ‘जे’ चुकून लहान लिपीत पडला होता आणि बऱ्याच प्रतींवर तो शाईने हाताने मोठा केलेला आहे. १९३७ च्या ‘हॉबिट’च्या जॅकेटवर ‘डॉजसन’ या नावात एक ‘ई’ जास्तीचा पडला, तोही शाईने खोडलेला. कुणीतरी लेखणी घेऊन बसून शेकडो जॅकेटं दुरुस्त केली. सल्ला मानणारा माणूस नेमका तो कागद कचऱ्यात टाकणार.

आपल्या घरांत आणखी एक भर. जूनमध्ये वह्यांबरोबर कादंबऱ्यांनाही खाकी कव्हर चढायचं, आणि मूळ जॅकेट ‘अडचण होते’ म्हणून जायचं. जे वाचलं त्याला चिकटपट्टी. ती दहा वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते. फाटलेलं जॅकेट फाटलेलंच राहू द्यावं, वर पारदर्शक आवरण घालावं. आतल्या घडीचा किमतीचा कोपराही कापू नये, भेट देताना कापायची सवय असली तरी. हल्ली जुन्या जॅकेटांच्या हुबेहूब छापील नकलाही मिळतात. प्रामाणिक विक्रेता तसं सांगतो. बाकीच्यांकडे कागदाचा पांढरेपणा बघावा.

आणि ‘हार्डकव्हरच’ हेही चूक. ‘लोलिता’ पहिल्यांदा आली ती १९५५ मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिया प्रेसकडून, दोन हिरव्या, कागदी मुखपृष्ठाच्या खंडांत. मागे किंमत ९०० फ्रँक. अमेरिकेतली पुठ्ठाबांधणीची प्रत तीन वर्षांनंतरची. १९८४ चं ‘न्यूरोमॅन्सर’ही आधी पेपरबॅकच होतं.

‘पहिली आवृत्ती म्हणजे लाखो रुपये, हमखास.’

सातव्या हॅरी पॉटरची अमेरिकेतली पहिली छपाई १ कोटी २० लाख प्रतींची होती. तुमच्याकडे ती असेल तर अभिनंदन, आणखी खूप जणांकडे आहे. पहिली असणं, थोड्या असणं आणि कुणाला तरी हवी असणं, या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात.

आपल्या कपाटात खरोखर सापडू शकेल असं एक नाव सांगतो: ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’, १९९७, दिल्लीच्या इंडियाइंक या प्रकाशकाची प्रत. लोक लंडनची प्रत जपतात आणि दिल्लीची शेजाऱ्याला वाचायला देतात. लाख नाही मिळणार, पण खरी पहिली ती.

मजकुराच्या शेवटी कुणीतरी आपल्या मनाने जोडलंय: ‘मराठी पुस्तकांनाही हेच लागू.’ अजिबात नाही. मराठीत आकड्यांच्या ओळीची प्रथाच रुजली नाही, आणि ‘आवृत्ती’ हा शब्द आपण पुनर्मुद्रणालाही सर्रास वापरतो. ‘विसावी आवृत्ती’ म्हणजे बहुतेक वेळा विसावी छपाई, मजकुरात काना-मात्रेचाही फरक नाही. प्रकाशक बदलला की गोंधळ वाढतो. ‘कोसला’ १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. आज दुकानात दिसते ती पॉप्युलर प्रकाशनाची. नव्या प्रकाशकाच्या ‘पहिल्या’ आवृत्तीला मूळ पहिली समजणारे मी पाहिलेत, आणि तसं सांगून विकणारेही. मराठीत मी आधी किंमत बघतो. आण्यांत असेल तर पुस्तक साधारण १९५७ पूर्वीचं, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधलं. फार जुन्या पुस्तकांवर नुसता शक असतो, त्यात ७८ मिळवायचे.

मामेभावाला मी त्याच्या हॅरी पॉटरच्या पानाचा फोटो मागितला होता. पेपरबॅक निघाली, ओळीतला सर्वांत लहान आकडा ३४. तो जरा हिरमुसला. मग काल रात्री दुसरा फोटो आला. आजोबांच्या ट्रंकेतली एक मराठी कादंबरी, कणा उसवलेला, मुखपृष्ठ अर्धं लटकतंय, कोपऱ्यात ‘किंमत दोन रुपये आठ आणे’. प्रकाशकाचं नाव वाळवीने नेमकं खाल्लंय. रविवारी जातोय. तोवर चिकटपट्टी लावू नकोस, एवढं त्याला कळवलंय.