पत्र एकाचे, पत्ता दुसऱ्याचा

माझ्या मावशीचे सगळे व्यवहार आता तिचा पुतण्या पाहतो. तो सज्जन आहे, हिशेबाला चोख आहे आणि मावशीने त्याला रीतसर मुखत्यारपत्र करून दिले आहे. हाल होतात ते पाकिटावर नाव घालणाऱ्याचे. पहिल्या ओळीत मावशीचे नाव, दुसरीत ‘द्वारा’ लिहून पुतण्याचे आणि त्याखाली त्याच्या घराचा पत्ता, ही रीत मला पाठ आहे. मधली ओळ गाळली, तर दारावर मावशीच्या नावाची पाटी नसल्यामुळे टपाल परत फिरण्याची भीती, आणि पुतण्याचे नाव वर चढवले, तर पत्र मावशीचे राहतच नाही. एका उत्साही संस्थेने त्याच्या नावापुढे ‘मुखत्यार’ असे ठळक छापले, तेव्हापासून त्याचे शेजारी मावशीच्या प्रकृतीची चौकशी दबक्या आवाजात करू लागले. वास्तविक कोण कोणत्या अधिकाराने काम पाहतो, हे पत्राच्या आत लिहावे. पाकिटाला ‘द्वारा’ पुरते.

संगणकाला मात्र तेही पुरत नाही. नावासाठी त्याच्याकडे एकच चौकट असते, तिच्यात दोघांची नावे कोंबली की तिसरीच व्यक्ती जन्माला येते आणि तिच्या नावाने थकबाकीची सूचना निघते. खिडकीच्या पाकिटात तर कागद बोटभर वर सरकला की मावशी अदृश्य होते आणि पुतण्या एकटाच बाहेर डोकावत बसतो.

खरी पंचाईत घरगुती पत्रांची आहे. व्यवहाराचे कागद त्याने उघडावेत हे योग्यच. परंतु वाढदिवसाचे शुभेच्छापत्रही त्याने उघडले, त्यावर आवक क्रमांक घातला आणि ते फाइलला लावून टाकले. पुढच्या पाकिटावर मी ‘खासगी’ असे लिहिले, तर महत्त्वाचे असावे म्हणून त्याने तेच सर्वांत आधी फोडले. त्यात मी मावशीच्या गुडघ्यांची विचारपूस केली होती. तिचे उत्तर त्याच्या सहीने, ‘करिता’ असे लिहून आले : ‘आपले पत्र मिळाले. गुडघ्यांबाबतचा विषय विचाराधीन असून, डाव्या गुडघ्याविषयी स्वतंत्रपणे कळविण्यात येईल.’