लिबरेट झालेल्या चपला

मुक्तिदिन जवळ आला की आमच्या घरात कुणीतरी पारतंत्र्यात जातं. यंदा माझी पाळी होती. चिरंजीवांना गृहपाठ मिळाला: ‘लिबरेट’ या क्रियापदाची पाच वाक्यं.

पहिलं झटक्यात आलं. ‘गोवा लिबरेटेड इन 1961.’

“‘वॉज’ कुठाय? त्याच्याशिवाय गोव्यानेच दुसऱ्या कुणाला तरी सोडवलं असं होतं.”

“कुणाला?”

“कुणालाच नाही रे! भारतीय सैन्याने गोव्याला सोडवलं, पोर्तुगिजांपासून. म्हणजे पुढे ‘फ्रॉम’.”

इथवर मी शेर होतो. दुसऱ्या वाक्यात चिरंजीवांनी मांजराला पिशवीतून लिबरेट केलं होतं. मी समजावलं, मांजराला ‘रिलीज’ पुरे. लिबरेटला जुलूम लागतो, बळकावून बसलेला कुणीतरी लागतो. लगेच तिसरं तयार: ‘ताई, प्लीज लिबरेट द बाथरूम.’ खोडायला पेन उचललं, पण नियमात बसत होतं.

बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) निवडत बसलेल्या आजीला राहवेना. लहानपणी तिने दोन वर्षं पोर्तुगीज शाळेत काढली आहेत. “लिव्र म्हणजे मोकळा, लिव्रु म्हणजे पुस्तक. शेवटचं अक्षर तेवढं वेगळं.”

“म्हणूनच पुस्तक मिटलं की मोकळं वाटतं!” चिरंजीव म्हणाले.

1510 पासूनचं पोर्तुगीज राज्य भारतीय सैन्याच्या ‘ऑपरेशन विजय’ने साधारण 36 तासांत संपवलं, आमची ही दुसरी संध्याकाळ होती आणि वाक्यं तीन.

मग मला विद्वत्तेची खुमखुमी आली. दुसऱ्या महायुद्धात सैनिक हा शब्द गमतीने ‘ढापणे’ या अर्थी वापरायचे, हे मी त्याला सांगून बसलो. गाव सोडवायचं आणि जाता जाता तिथल्या दारूच्या बाटल्याही ‘सोडवायच्या’. पोराचे डोळे चमकले. चौथं वाक्य त्याने एका दमात उतरवलं आणि मोठ्यांदा वाचलं: “सोमवारी देवळाबाहेरून कुणीतरी बाबांच्या नव्या चपला लिबरेट केल्या.”

व्याकरण निर्दोष. स्वयंपाकघरातला कढईचा आवाज मात्र थांबला.

“अहो, चपला चांभाराकडे दिल्यात म्हणाला होतात ना?” हातात झारा तसाच होता. “आठशे रुपयांच्या!”

मी वहीत डोकं घातलं.

“बाबा, पाचवं काय लिहू?”

अळसांद्यांवरची नजर न काढता आजी म्हणाली, “आता बाबाला कोण सोडवतो बघ, आणि ते लिही.”